शुक्रूत खायचे तर आधी कोबी पाहावा

प्रश्न : येत्या जानेवारीत आम्ही दोघे आणि माझी धाकटी बहीण असे तिघे जण मुलीकडे पॅरिसला जाणार आहोत. मुक्काम दहा दिवसांचा आहे. तिकडे थंडीत आंबवलेल्या कोबीच्या ढिगावर नाना प्रकारचे मांस रचून देतात, त्या फ्रान्सच्या पूर्वेकडील अल्सास प्रांताच्या ‘शुक्रूत’ नावाच्या ताटाबद्दल मी बरेच ऐकले आहे आणि ते एकदा तरी मनसोक्त खावे अशी इच्छा आहे. मुलगी मात्र म्हणते की पॅरिसमध्ये मिळते ते पर्यटकांच्या गळ्यात मारलेले असते, खरे खायचे तर अल्सासमधल्या स्ट्रासबुर्गलाच गेले पाहिजे. तिचे म्हणणे बरोबर आहे का? शहरात चांगली जागा ओळखावी कशी? शिवाय बहीण डुकराचे मांस खात नाही, तिची काय सोय होईल?

उत्तर : आपल्या कन्येचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. पॅरिसमध्ये वाईट शुक्रूत मिळते हे खरे, परंतु ते स्ट्रासबुर्गमध्येही तितक्याच सहजपणे मिळते. माझ्या वाट्याला आलेले सर्वांत निराशाजनक ताट मी स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलपासून हाकेच्या अंतरावरच खाल्ले आहे. कोबी तपकिरी आणि लगद्यासारखा झालेला होता, सॉसेज उकळून फाटलेले होते आणि बटाटे सकाळी कधीतरी शिजवून ठेवलेले होते. चूक माझीच होती, कारण भूक लागली म्हणून दारावरच्या रंगीत छायाचित्रांना भुलून मी आत शिरलो होतो. तेव्हा गाव कोणते यापेक्षा स्वयंपाकघर कोणते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

या ताटाचे पूर्ण नाव ‘शुक्रूत गार्नी’ असे आहे. शुक्रूत म्हणजे नुसता आंबवलेला कोबी आणि गार्नी म्हणजे त्यावर मांडलेला सरंजाम. मूळ शब्द अल्सासच्या बोलीतला ‘सुरक्रूत’ असा असून त्याचा अर्थ सरळ ‘आंबट कोबी’ असा होतो. जर्मन भाषेतले सावरक्राउट हे त्याचेच भावंड आहे. फ्रेंचांच्या कानांना तो शब्द परका वाटला असावा, म्हणून त्यांनी त्याला आपल्या ओळखीचे रूप दिले. ‘शू’ म्हणजे कोबी आणि ‘क्रूत’ म्हणजे पावाचा कडक पापुद्रा. या पदार्थात पापुद्रा कुठेही नाही, पण नाव मात्र कायमचे चिकटले. मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की नावात कोबी आधी येतो आणि मांस नंतर येते. पर्यटक, आणि खुद्द बरेचसे पॅरिसकरही, हा क्रम उलटा करतात. ताटात किती प्रकारचे मांस आहे ते मोजतात आणि कोबी हे केवळ त्याचे अंथरूण आहे असे समजतात. सॉसेज बरे नसले तरी चांगल्या कोबीवर जेवण निभावते, कोबीच बिघडला असेल तर मात्र वर कितीही मांस रचले तरी ते ताट सुधारत नाही.

आता पॅरिसविषयी. हा पदार्थ तिथे दीडशे वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे. सर्वसाधारण समज असा की १८७०-७१च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला, अल्सास जर्मनीकडे गेला, आणि ज्यांना फ्रेंच नागरिकत्व टिकवायचे होते त्यांना १ ऑक्टोबर १८७२पूर्वी प्रांत सोडणे भाग पडले, त्या लोकांबरोबर बिअर आणि शुक्रूत राजधानीत आले. यात बरेच तथ्य आहे, पण सारे श्रेय युद्धाला देता येत नाही. पॅरिस आणि स्ट्रासबुर्ग यांना जोडणारा लोहमार्ग १८५२मध्येच पूर्ण झाला होता, आणि बास्तीयच्या चौकाजवळची ‘बोफिंजे’ ही ब्रासरी १८६४मध्ये, म्हणजे युद्धाच्या सहा वर्षे आधी, अल्सासहून आलेल्या फ्रेडरिक बोफिंजे यांनी सुरू केली होती. ‘ब्रासरी’ या शब्दाचा मूळ अर्थच बिअर गाळण्याची जागा असा आहे. बिअर, तिच्याबरोबर खारवलेले व धुरावलेले मांस, आणि दिवसभर उघडे असणारे मोठे भोजनगृह, अशी ही कल्पना अल्सासच्या लोकांनी पॅरिसमध्ये रुजवली. सँ-जर्मँच्या बुलव्हारवरची ‘लिप’ ही दुसरी नामांकित ब्रासरी लेओनार लिप यांनी १८८०मध्ये काढली. तिचे मूळ नाव ‘ऱ्हाइनकाठची ब्रासरी’ अशा अर्थाचे होते, यावरून मालकाचे मन कुठे गुंतलेले होते ते कळते.

या दोन्ही ठिकाणी शुक्रूत हा घरचा पदार्थ मानला जातो आणि पहिल्यांदाच खाणाऱ्याने त्यांपैकी एका ठिकाणी जाण्यात काहीही कमीपणा नाही. बोफिंजेमध्ये रंगीत काचांचा जुना घुमट आहे. त्याच्याखाली बसून जेवण्यासाठी लोक येतात, आणि म्हणूनच तिथे आधी टेबल राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. या जागा प्रसिद्ध आहेत, त्यामुळे त्या पर्यटकांनी भरलेल्या असतात, असा आक्षेप आपली कन्या घेईल. तो खराही आहे. परंतु या विशिष्ट पदार्थाच्या बाबतीत गर्दी ही गिऱ्हाइकाच्या फायद्याची असते, हे तिला जरूर सांगावे. शुक्रूत एका माणसापुरते शिजवता येत नाही. ते मोठ्या भांड्यात, मंद आचेवर, तास-दोन तास शिजते. ज्या स्वयंपाकघरातून रोज त्याची पन्नास ताटे जातात तिथे भांडे रोज नवे चढते. जिथे आठवड्यातून चारच लोक ते मागवतात तिथे ते शीतपेटीत वाट पाहत राहते. माझ्या मते शहरातील चांगली जागा ओळखण्याची ही पहिली खूण आहे : आजूबाजूच्या टेबलांकडे नजर टाकावी आणि स्थानिक दिसणाऱ्या मंडळींपैकी किती जणांपुढे ते ताट आहे ते पाहावे. वीस टेबलांत एकही नसेल तर आपण कांद्याचे सूप मागवावे आणि शुक्रूत दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

दुसरी खूण म्हणजे भोजनपत्रिका. ज्या पत्रिकेत पिझ्झा, बर्गर, सुशी आणि शुक्रूत एकाच पानावर सुखाने नांदत असतील ती मिटून ठेवावी. त्याउलट, कोबी कुठला, तो कोणत्या वाइनमध्ये शिजवला आहे आणि वर नेमके कोणते मांस आहे हे ज्या पत्रिकेत नावानिशी लिहिलेले असेल ती वाचत बसावी. ‘शुक्रूत दाल्सास’ या नावाला २०१८पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळालेले आहे. कोबी त्या प्रांतातला असून तिथेच आंबवलेला आहे, असे त्या चिन्हाचे सांगणे असते. उपाहारगृहाने पुढे तो कसा शिजवला याची हमी ते देत नाही.

फ्रान्समधील अनेक पत्रिकांवर छपराचे झाकण असलेल्या भांड्याचे एक छोटे चित्र दिसते. त्याचा अर्थ ‘फे मेझों’, म्हणजे पदार्थ त्याच जागी कच्च्या जिनसांपासून बनवला आहे, असा असतो. हा नियम २०१४मध्ये लागू झाला. त्यात एक गंमत आहे. कोणत्या गोष्टी बाहेरून विकत आणल्या तरी ‘घरचे’ म्हणता येते, त्या यादीत पाव, चीज, खारवलेले मांस यांच्याबरोबर कच्च्या शुक्रूतचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे उपाहारगृहाने कोबी स्वतः आंबवावा अशी कायद्याचीही अपेक्षा नाही, आणि आपणही ती धरू नये. पॅरिसमधला मुदपाकखाना सहसा पिंपात कोबी आंबवत बसत नाही. तो बाहेरून आंबलेलाच येतो. स्वयंपाक्याचे कसब त्यापुढे सुरू होते. कोबी किती धुवावा, हंसाची चरबी किती घालावी, वाइन केव्हा घालावी आणि झाकण केव्हा काढावे, या त्या चार-दोन निर्णयांत सारे काही असते.

ताट पुढे आल्यावर काय पाहावे? कोबीच्या लांब, बारीक धाग्यांचा रंग फिकट सोनेरी असावा. ते मऊ असावेत पण एकमेकांत विरघळलेले नसावेत. जुनिपरची काळसर फळे, तमालपत्र, एखादी लवंग मधूनच हाताला लागावी. वरच्या सरंजामात साधारणतः स्ट्रासबुर्गचे पातळ सॉसेज असते. त्याला तिकडे ‘क्नाक’ म्हणतात, कारण ताज्या सॉसेजचे कवच दाताखाली तसा आवाज करत तुटते. ते उकळत्या पाण्यात टाकले की फाटते, म्हणून फाटलेले सॉसेज हे घाईचे लक्षण समजावे. शिवाय धुरावलेले जाड सॉसेज (बहुधा मोंबेलियारचे, जे खरे तर शेजारच्या फ्रांश-कोंते प्रांतातले आहे), खारवलेल्या पोटाच्या मांसाचे काप, धुरावलेली कंबर आणि काही ठिकाणी पायाचा अख्खा सांधा असतो. उकडलेले बटाटे हवेतच. सोबत मोहरीची चटणी येते. ‘रेफोर’ नावाच्या झणझणीत मुळाचा कीस मिळत असेल तर तो आवर्जून मागावा, कारण चरबीचा जडपणा तो मोहरीपेक्षा अधिक चांगला कापतो.

पत्रिकेत एकाच पदार्थाच्या दोन-तीन पायऱ्या असतात. मांसाच्या प्रकारांची संख्या वाढते तशी किंमत वाढते, आणि सर्वांत वर ‘रुआयाल’ म्हणजे राजेशाही शुक्रूत असते. त्यात शॅम्पेन किंवा क्रेमाँची फेसाळ वाइन घातलेली असते आणि काही ठिकाणी ती टेबलावरच ओततात. डोळ्यांना ते छान दिसते. पण अगोदरच आंबट असलेल्या कोबीवर फेसाळ वाइन ओतून नेमके काय साधते ते मला आजवर उमगलेले नाही. आपण मधली पायरी निवडावी. पॅरिसच्या नावाजलेल्या ब्रासरीत तिला साधारण वीस ते तीस युरो पडतात. सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते, त्यामुळे वेगळी बक्षिसी देण्याचे बंधन नसते. पाण्याची बाटली विकत घेण्याऐवजी ‘उन काराफ दो’ एवढे म्हटले की नळाचे पाणी फुकट मिळते. हा पदार्थ खारट असल्याने ते लागतेच.

वेळ दुपारची धरावी. पारंपरिक उपाहारगृहे बारा ते दोन-अडीच आणि सायंकाळी सातनंतर एवढ्याच वेळात जेवण देतात. मोठ्या ब्रासरींमध्ये ‘सेर्विस कोंतिन्यू’ असे लिहिलेले असेल तर मधल्या वेळातही स्वयंपाकघर चालू असते. रात्री नऊ वाजता हे ताट खाऊन झोपायला जाणे हे तरुणांचे काम आहे. दुपारी जेवावे, थंडीत तासभर चालावे आणि रात्री फारसे काही खाऊ नये. दोघांत एकच ताट मागवण्याचा मोह होईल, कारण ते खरोखरच मोठे असते. मात्र एकट्याचे ताट वाटून घेणे ब्रासरीत फारसे रुचत नाही. त्याऐवजी आपण एकाने शुक्रूत आणि दुसऱ्याने एखादा हलका पदार्थ मागवावा आणि आपापसांत चवी पाहाव्यात. (जाता जाता सांगतो : पॅरिसच्या मोंपार्नास भागातल्या ‘ला कुपोल’ या ब्रासरीत ‘भारतीय’ म्हणून कोकराच्या मांसाची करी १९२७पासून मिळते आहे. ती मागवण्यासाठी आपण पॅरिसला जाऊ नये, पण ब्रासरीच्या पत्रिकेत शिरलेला पदार्थ किती चिवटपणे टिकतो, त्याचा तो पुरावा आहे.)

आपल्या भगिनींसाठी मासळीचे शुक्रूत हा उत्तम मार्ग आहे. ‘शुक्रूत द ला मेर’ किंवा ‘शुक्रूत ओ प्वासों’ या नावाने ते मिळते. सामन, धुरावलेला हॅडक, एखादा पांढरा मासा आणि लोण्याचा पांढरा सॉस अशी त्याची साधारण रचना असते. जाणकार अल्सासकर पूर्वी त्याकडे नाके मुरडत, परंतु आता ते रूढ झाले आहे. गी-पिएर बोमान या पाककाराने ते लोकप्रिय केले आणि स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलला लागून असलेल्या ‘मेझों कामेरझेल’ या जुन्या लाकडी नक्षीच्या इमारतीत तीन मासळ्यांचे शुक्रूत हीच त्यांची ओळख बनली. मात्र एक गोष्ट भगिनींना आधी विचारायला सांगावी. मासे वर असले तरी खालचा कोबी डुकराच्या चरबीत किंवा मांसाच्या तुकड्यांसह शिजवलेला असू शकतो. ‘कोबी कशात शिजवला आहे?’ हा प्रश्न वाढप्याला सरळ विचारावा. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. बदकाच्या किंवा हंसाच्या मांसाबरोबरचे शुक्रूतही काही ठिकाणी मिळते, तिथेही हाच प्रश्न लागू पडतो. गोमांस टाळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की स्ट्रासबुर्गच्या सॉसेजमध्ये डुकराच्या मांसाबरोबर गोमांस मिसळलेले असू शकते.

राहता राहिला स्ट्रासबुर्गचा प्रश्न. दहा दिवसांपैकी एक दिवस काढता येत असेल तर अवश्य जावे. मात्र पॅरिसचे ताट खोटे ठरवण्याच्या हेतूने जाऊ नये. पॅरिसच्या गार द लेस्त या स्थानकातून वेगवान गाडी पावणेदोन तासांच्या आसपास स्ट्रासबुर्गला पोहोचवते, म्हणजे सकाळी निघून दुपारी जेवून रात्री परत येता येते. तिथे ब्रासरीपेक्षा ‘विनस्टुब’ शोधावी. शब्दाचा अर्थ वाइनची खोली असा आहे. लाकडी भिंती, ठेंगणे छत, चौकटीचे टेबलपोस, शेजारच्या अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लागेल अशी बैठक. तिथे बिअरऐवजी रीस्लिंग किंवा सिल्वानेर वाइन पितात आणि कोबीही त्याच वाइनमध्ये शिजलेला असतो. कॅथीड्रलजवळच्या अरुंद गल्लीतली ‘शे इव्हॉन’ ही त्यांपैकी एक जुनी आणि नामांकित जागा आहे. जानेवारीत जाण्यात आपला एक फायदा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळापर्यंत तिथे १५७०पासून चालत आलेला नाताळचा बाजार भरतो आणि त्या दिवसांत विनस्टुबमध्ये जागा मिळणे दुरापास्त होते. जानेवारीत ती गर्दी नसते. पण याच कारणाने काही जागा तेव्हा आठ-पंधरा दिवसांची वार्षिक सुटी घेतात. गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी विनस्टुब उघडी आहे ना, हे दूरध्वनी करून विचारून घ्यावे.

प्रश्न : गेल्या फेब्रुवारीत मी कामानिमित्त पॅरिसला गेलो असता एका उपाहारगृहात शुक्रूत मागवले. कोबी इतका आंबट होता की दोन घासांनंतर दात आंबले. सोबतचे सहकारी म्हणाले की हिवाळ्यातच हा पदार्थ सर्वांत चांगला लागतो. मग माझे नशीबच वाईट, की हा पदार्थच तसा असतो?

उत्तर : आपले सहकारी चुकलेले नाहीत, परंतु हिवाळा मोठा असतो आणि त्याच्या सुरुवातीचा कोबी व अखेरीचा कोबी यांत फरक पडतो.

अल्सासमध्ये या कामासाठी मोठमोठ्या गड्ड्यांचा पांढरा कोबी लावतात. एकेक गड्डा कित्येक किलोंचा असतो. स्ट्रासबुर्गच्या नैर्ऋत्येस क्राउटरगेर्सहाइम नावाचे गाव आहे, ते स्वतःला शुक्रूतची राजधानी म्हणवते आणि तिथे शरद ऋतूत त्याचा उत्सवही होतो. कोबीचा मधला दांडा काढून तो लांब, बारीक चिरतात, त्यावर वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के मीठ घालतात आणि पिंपात थर देऊन वरून दाब ठेवतात. मिठाने कोबीतले पाणी सुटते आणि ते पाणीच त्याला हवेपासून झाकते. बाहेरून विरजण लावावे लागत नाही. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद कोबीच्या पानांवर मुळात असतात, ते त्यातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. आधी एक जात काम सुरू करते, आंबटपणा वाढला की ती मागे पडते आणि आम्ल सोसणारी दुसरी पुढे येते. हवामानानुसार या साऱ्याला तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लोणच्यापेक्षा हे वेगळे आहे, कारण यात व्हिनेगर नसते. आंबटपणा सारा कोबीतूनच येतो, आणि पिंपात तो जितका जास्त राहील तितका वाढतो.

शरद ऋतूच्या सुरुवातीस बाजारात येतो त्याला ‘शुक्रूत नुव्हेल’, म्हणजे नवा शुक्रूत, म्हणतात. तो फिकट, कुरकुरीत आणि सौम्य असतो. त्याला एकदा पाण्यातून काढले तरी पुरते आणि तो लवकर शिजतो. डिसेंबर-जानेवारीत त्याला खरी चव चढलेली असते. थंडी, धुरावलेले मांस आणि हा कोबी यांचा मेळ तेव्हाच सर्वांत चांगला जमतो. फेब्रुवारी उलटता उलटता तोच कोबी अधिक आंबट व गडद होतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा स्वयंपाकी तेव्हा तो दोन-तीनदा थंड पाण्यात धुतो, घट्ट पिळतो आणि मग शिजवायला घालतो. आपल्या ताटाच्या बाबतीत बहुधा धुण्याचा आळस झाला असावा. काही जण उलटी चूक करतात आणि भीतीपोटी कोबी इतका धुतात की ताटात नुसते बेचव पांढरे धागे उरतात. मला विचाराल तर आंबट ताट त्यापेक्षा बरे, कारण त्याला बटाट्याचा आणि चरबीचा उतारा असतो. अळणी ताटाला उतारा नाही.

आपण पुन्हा गेलात तर पहिला घास नुसत्या कोबीचा घ्यावा आणि दुसरा बटाट्याबरोबर घ्यावा. आंबटपणा बटाट्याने झाकला जात असेल तर ताट ठीक आहे. तसे होत नसेल तर वाढप्याला शांतपणे सांगावे. चांगल्या जागी त्याचे वाईट वाटून घेत नाहीत.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी आहे. मित्रमंडळी अल्सासी भोजनगृहात नेण्याचा आग्रह करत आहेत. वरचे मांस काढून नुसता कोबी मला चालेल का?

उत्तर : चालणार नाही. पारंपरिक पद्धतीने कोबी हंसाच्या किंवा डुकराच्या चरबीत परततात आणि बहुतेकदा धुरावलेले मांस त्यातच पुरून शिजवतात, त्यामुळे वरचे मांस काढले तरी खालचा कोबी शाकाहारी होत नाही. वाइनही त्यात असतेच. कच्चा शुक्रूत मात्र केवळ कोबी आणि मीठ असतो. काही भोजनगृहे त्याची कोशिंबीर देतात. तीत मांसाचे तुकडे नकोत असे सांगून ती मागवता येईल. ‘फ्लामेकुश’ म्हणजे पातळ पोळीवर मलई, कांदा आणि मांसाचे तुकडे घालून भट्टीत भाजलेला पदार्थ. मांसाविना, अळंबी घालून केलेला त्याचा प्रकार बहुतेक ठिकाणी मिळतो. मन्स्टर नावाच्या उग्र वासाच्या चीजचा प्रकारही असतो, पण ते चीज बनवताना प्राणिज विरजण वापरले जाते हे कडक शाकाहारी व्यक्तीने ध्यानात घ्यावे.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र पॅरिसमध्ये आठवडाभर भाड्याच्या घरात राहणार आहोत. उपाहारगृहाचा खर्च चौपट होतो. शुक्रूत घरी आणून खाण्याची काही सोय असते का?

उत्तर : असते, आणि ती उपाहारगृहाइतकीच जुनी आहे. मांस विकणाऱ्या ‘शार्क्युतरी’ या दुकानांत आणि तयार जेवण देणाऱ्या ‘त्रेतर’कडे हिवाळ्यात शिजवलेले शुक्रूत वजनावर मिळते. फलकावर ‘क्र्यू’ लिहिलेले असेल तर तो कोबी कच्चा, ‘क्वीत’ असेल तर शिजवलेला. ही दोन चिठोरी नीट वाचून घ्यावीत, कारण कच्चा कोबी गरम करून ताटात वाढण्याची चूक नवख्याकडून हटकून होते. माणशी पाव किलोच्या आसपास कोबी पुरतो. सॉसेज आणि धुरावलेले मांस त्याच दुकानातून वेगवेगळे निवडून घ्यावे, म्हणजे आवडीनिवडी सांभाळता येतात.

शिजवलेला कोबी जाड बुडाच्या भांड्यात घालावा, त्यावर अर्धा पेला रीस्लिंग शिंपडावी, मांसाचे काप मध्ये खोचावेत आणि झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास अगदी मंद आचेवर ठेवावे. फ्रेंच गृहिणींचे ठाम मत आहे की शुक्रूत दुसऱ्यांदा गरम केल्यावर अधिक चांगले लागते, आणि माझा अनुभव त्यांच्याशी जुळतो. पातळ सॉसेज त्या भांड्यात घालू नयेत. दुसऱ्या पातेल्यात पाणी उकळून आच बंद करावी आणि सॉसेज त्यात दहा मिनिटे झाकून ठेवावेत. बटाटे सालीसकट वेगळे उकडावेत. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी यांपैकी बरीच दुकाने बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारीच उरकावी. भाड्याच्या घरात मोठे भांडे असेलच असे नाही. ते आधी पाहून मगच किती कोबी आणायचा ते ठरवावे.